घडणावळ फक्त सोन्याचीच का?

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घेतला की हातात जे बिल पडते, त्यावर सोन्याचा भाव एका ओळीत आणि घडणावळ दुसऱ्या ओळीत असते. घडणावळीवर घासाघीस होते, 'जरा कमी करा, शेठ' असेही म्हणून पाहिले जाते. पण घडणावळ मुळात द्यायचीच कशाला, असे विचारणारा गिऱ्हाईक मी पाहिलेला नाही. कारागिराने वेळ घातला, नजर घातली, त्याचे वेगळे द्यायचे असते, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. त्याच गावात एखाद्या प्रदर्शनात बांबूचा दिवा किंवा बंजारा तांड्यावरच्या बाईने भरतकाम करून भरलेली पिशवी उचलली की तेच गिऱ्हाईक अहिराणीत म्हणते, "टोपलीना इतला पैसा?" बांबू कितीचा, कापड कितीचे, एवढाच हिशेब मग डोळ्यांपुढे राहतो. घडवणारा त्या हिशेबातून पार निघून जातो.

माझे म्हणणे सरळ आहे. स्वतः विचार करून स्वतःच्या हाताने वस्तू घडवणाऱ्यांची एक स्वतंत्र जत्रा खान्देशात दरवर्षी भरली पाहिजे. तिथे प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी हवी: माल इतक्याचा, घडणावळ इतकी, घडवणाऱ्याचे नाव अमुक. ही जत्रा मदत म्हणून नको, उत्तेजन म्हणून नको. बाजार म्हणून हवी, आणि बाजाराचे सगळे कडक नियम तिला लागू व्हावेत.

असे हात आपल्याकडे आहेत. कोणी नाशिक-पुण्यात कला शिकून गावी परतलेले आहेत, तर कोणी घरच्याच धंद्यात नव्याने डोके घालत आहेत. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरकडच्या तांड्यांवर भरतकाम अजून बायांच्या बोटांत आहे. सातपुड्यात बांबू आहे आणि त्याच्या कामट्या काढणारे हात आहेत. केळीचे तर विचारूच नका. घड कापला की त्या खोडाला पुन्हा घड येत नाही. ते बांधावर कुजते, किंवा उपटून टाकायला शेतकऱ्यालाच मजुरी मोजावी लागते. त्या खोडातून चांगला चिवट धागा निघतो, आणि त्याच्या पिशव्या, चटया, दिव्यांच्या शेड करणारेही आता आहेत. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला, जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. शेतातल्या मालाचे आणि गावाचे नाते आपण कागदोपत्री सिद्ध करून घेतले. हाताच्या मालासाठी ती धडपड कुठे दिसते?

हे लोक आपले काम घेऊन पुण्याच्या भीमथडी जत्रेला जातात, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जातात, जमले तर काळा घोडा महोत्सवालाही जातात. घरी मात्र त्यांना जागा मिळते ती बहुतेक वेळा पापड-लोणच्यांच्या रांगेत, कोपऱ्यातल्या टेबलावर. पापड-लोणच्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बचत गटांनी किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण कुरडयांचे पाकीट घ्यायला आलेल्या बाईला शेजारच्या टेबलावर हजाराचा दिवा दिसला, तर तिला तो महागच वाटणार. दोन्ही मालांना आपापले गिऱ्हाईक हवे असते. दुसरीकडे, शाळेच्या मैदानावर मोठा मंडप ठोकून जे हस्तकला 'एक्स्पो' भरतात, त्यांत खुर्जाच्या बरण्या असतात, भदोहीचे गालिचे असतात, सहारनपूरचे फर्निचर असते. तो माल वाईट नाही. पण विकणारा व्यापारी असतो, आणि कप कोणत्या मातीचा, असे विचारले तर त्याला सांगता येत नाही.

म्हणून पहिली अट: जो घडवतो तोच स्टॉलवर हजर पाहिजे. त्याच्या भावाने, दलालाने, संस्थेच्या कार्यकर्त्याने चालणार नाही. ही अट ऐकायला जाचक वाटते, पण ती एक अट पाळली तर अर्धी फसवाफसवी आपोआप थांबते.

यात नवीन असे काही मी सांगत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, एवढे आपण शाळेत शिकलो. त्याला जोडून खादी आणि ग्रामोद्योगाचे प्रदर्शन होते आणि त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. तिलकनगर नावाने उभ्या राहिलेल्या त्या तात्पुरत्या नगराची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होती. देशातल्या आघाडीच्या चित्रकारांपैकी एक माणूस खान्देशातल्या एका गावात आला आणि बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून त्याने काम उभे केले. बरे, फैजपूर हे काही कलेशी संबंध नसलेले गाव नव्हते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये फैजपूरची ओळख छापील सुती कापड आणि निळा-तांबडा रंग अशी दिलेली आहे. एरंडोल आणि यावलच्या नोंदीत हातकागद आहे. आपल्या तालुक्यांची नावे त्या काळी हातांच्या कामाने घेतली जात.

फैजपूरची आठवण मी वारंवार काढतो, कारण त्या काळचा अगदी नव्या दृष्टीचा चित्रकार आणि अगदी साधे साहित्य तिथे एका जागी आले. आज आपण ज्याला समकालीन हस्तकला म्हणतो, तिचे बीज यातच आहे. ते मुंबई-दिल्लीहून आणायची गरज नाही.

पण जत्रा इथेच का? पुण्या-मुंबईत पैसा आहे, तिथेच विकू द्या की, असे काही जण म्हणतात. याला माझे उत्तर खापराचे आहे.

खान्देशातले पुरणाचे मांडे, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्या, भाजायला खापर लागते, म्हणजे चुलीवर उलटे ठेवायचे मातीचे भांडे. कुंभाराच्या कामातले अवघड काम ते. चाकावर उठवायचे, मग आतून आधार धरून बाहेरून थापीने ठोकत पातळ करत न्यायचे, सावलीत वाळवायचे, आव्यात भाजायचे. जाडी सगळीकडे सारखी उतरली नाही तर मांडा एकीकडे करपतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो. दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवलेला तो मांडा उलट्या खापरावर पसरला की चूक लपवायला जागाच राहत नाही. म्हणून आपल्याकडची जुनी बाई खापर घेताना आधी बोटाच्या पेराने वाजवते आणि आवाज ऐकते. मग कडेवरून तळवा फिरवते. मग उन्हाकडे धरून भेग पाहते. पसंत पडले नाही तर 'दुसरे दाखव रे भाऊ' म्हणते, आणि कुंभारही मुकाट्याने दुसरे काढतो, कारण तिला कळते हे त्याला माहीत असते. मुंबईच्या प्रदर्शनात तेच खापर एखादी बाई 'किती सुंदर' म्हणून घेईल, भिंतीला टांगेल, पैसेही जास्त देईल. पण कुंभाराला तिच्याकडून शिकायला काही मिळणार नाही. जे गिऱ्हाईक वाजवून घेते, ते कारागिराला पुढच्या खेपेला चांगले काम करायला लावते. हे गिऱ्हाईक फक्त घरच्या मातीत आहे आणि ते म्हातारे होत चालले आहे.

आता पुढचा प्रश्न. फ्लॅटमध्ये चूल नाही. गॅसच्या शेगडीची आच मधल्या भागालाच लागते, कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून घराघरांतली खापरे माळ्यावर गेली आणि मांडे विकत आणायची गोष्ट झाली. गॅसवर सगळीकडून सारखे तापणारे मातीचे खापर कोण घडवील? तळाची जाडी किती ठेवावी, बसायला कडे कसे द्यावे, माती कशात कालवावी? हे कोडे सोडवायला आठ-दहा वेळा करून मोडावे लागेल, आणि मोडलेल्या प्रत्येक खापराचा खर्च कुणीतरी सोसावा लागेल. समकालीन काम म्हणतात ते हेच. लोककलेतले एखादे चित्र उचलून किल्लीच्या जुडग्यावर छापले की काम समकालीन झाले, असे मला वाटत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. या उन्हाला उत्तर देणारी बांबूची चिक म्हणजे पडदा, खिडकीत बसणारा मातीचा गारवा, अंगाला न चिकटणारी सुती वाकळ, अशा वस्तूंची आपल्याला खरी गरज आहे, आणि त्या आपल्याखेरीज कोणी घडवणार नाही. कूलर सगळीकडचा सारखाच येतो.

जाणत्या गिऱ्हाइकाचा बाजार पाहायचा असेल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात जावे. धडगाव, मोलगीकडे भोंगऱ्या बाजार भरतात. लोक वर्षाची खरेदी करतात, होळीच्या नाचाची तयारी करतात. चांदीचा दागिना घेणारी बाई वजन पाहते, सांधा पाहते, कडी ओढून बघते. तिथे कोणी कोणाला उत्तेजन देत नसते. विकणारा आणि घेणारा बरोबरीचे असतात. आपल्या शहरांतल्या प्रदर्शनांत नेमकी हीच बरोबरी हरवली आहे, असे मला प्रकर्षाने वाटते. मंत्र्यांनी फीत कापायची, पाहुण्यांनी 'आमच्या आदिवासी भगिनींच्या कलेचे' कौतुक करायचे, आणि त्याच भगिनीकडे वीस रुपये कमी करून मागायचे.

आता पैशाचा कडू भाग. तांड्यावरची बाई एक पिशवी भरते. समजा पाच दिवस लागले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि तो माती खणायच्या कामाचा दर होता. त्या दराने पाच दिवसांचे १,५६० रुपये होतात. कापड, दोरा, आरसे, कवड्या यांचे दोनशे धरा. यायचे-जायचे भाडे, स्टॉलचे पैसे, न विकल्या गेलेल्या मालाचा भार, सगळे धरले की पिशवी दोन हजारांच्या खाली परवडतच नाही. आणि यात तिच्या कसबाचा एक रुपयाही अजून धरलेला नाही. शेजारी मशीनवर भरलेली तशीच दिसणारी पिशवी तीन-चारशेला टांगलेली असते.

ती मशीनची पिशवी कुठून येते? बहुतेक वेळा सुरतेहून. आणि सुरतेत ती मशीन चालवणारे कोण? उधना, लिंबायत, दिंडोलीत जाऊन पाहा, गल्लीगल्लीत आपली खान्देशची अहिराणी ऐकू येते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवरून जाणारी सुरत-भुसावळ लाइन आपली पोरे तिकडे घेऊन गेली. पोटासाठी गेली, त्यांना बोल लावता येत नाही. पण एकाच मुलखातली पोरे मशीनवर जे भरतात, त्यानेच त्या मुलखातल्या बायांच्या हाताचे भरतकाम पाडले जाते, ही गोष्ट मला सहन होत नाही. मशीनचा माल बंद करा असे मी म्हणणार नाही. त्यावरही घरे चालतात. फक्त तो हाताचा म्हणून विकला जाऊ नये.

फरक ओळखणे अवघड नाही. पिशवी उलटी करा. मशीनच्या भरतकामाच्या मागे एकाच दोऱ्याची सरळ, एकसारखी ओढ दिसते, बहुधा मागे चिकटवलेले अस्तरही असते. हाताच्या कामाच्या मागे गाठी असतात, दोरा एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे तिरपा गेलेला असतो, कुठे रंग संपून दुसरा जोडलेला असतो. आरशावर नख फिरवा. खरा आरसा दोऱ्याच्या कड्यात जखडलेला असतो, नकली चमकी डिंकाने चिकटवलेली असते आणि दोन धुण्यांत सुटते. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला सोन्याचा कस दिसत नाही. भरतकामाचा कस डोळ्याला दिसतो. तो कसा पाहायचा एवढे दाखवणारे कुणीतरी हवे, आणि ते दाखवायला घडवणारीहून चांगले माणूस कोण?

दुसरी अट नावाची. शहरातला डिझायनर नमुना देतो, तांड्यावरच्या दहा बाया तो भरतात, आणि चिठ्ठीवर नाव फक्त डिझायनरचे असते. बायांच्या वाट्याला 'पारंपरिक कारागीर' एवढाच उल्लेख येतो. हे बंद झाले पाहिजे. नमुना कोणाचा आणि हात कोणाचा, दोन्ही नावे लागली पाहिजेत, आणि दोन्ही एकाच माणसाची असतील तर तसे अभिमानाने लिहिले पाहिजे. कारागिरांनी नुसते हात चालवावेत, विचार शिकलेल्यांनी करावा, ही वाटणी मला मुळातच खोटी वाटते. धुळ्याजवळच्या गोंदूरमध्ये सुतारकाम करणाऱ्या घरात १९२५ साली जन्मलेले राम सुतार पुढे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे शिल्पकार झाले. सुताराच्या घरातही विचार असतोच, त्याला संधी मिळाली की तो दिसतो.

सरकार काही करत नाही असे मी म्हणणार नाही. हस्तकला आयुक्तालयाचे कारागीर ओळखपत्र आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यात कुंभार आहे, टोपल्या विणणारा आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी पंधरा हजार आहेत, पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतात बांबू लावणाऱ्याची तोड-वाहतुकीची कटकट कमी झाली. अवजार, कच्चा माल आणि भांडवल यांची वाट थोडी तरी मोकळी झाली. पण कर्ज काढून घडवलेला दिवा विकायचा कोणाला, या प्रश्नाला या योजना पुरत नाहीत. कर्ज फेडायला गिऱ्हाईक लागते.

गिऱ्हाईक नाही, लोकांकडे पैसा नाही, ही श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेप मला सगळ्यांत कच्चा वाटतो. आपल्याकडच्या लग्नांत रुखवत मांडतात. पूर्वी ते घरच्या बाया महिनाभर आधीपासून करायच्या. आता ते थर्माकोलचे, प्लास्टिकचे, तयार आणि कित्येकदा भाड्याने येते, आणि त्यावर हजारो रुपये जातात. मांडव उतरला की ते कचऱ्यात जाते किंवा पुढच्या लग्नाला जाते. हे पैसे मध्यमवर्गाचेच आहेत, शेतकऱ्याचेही आहेत. अजिंठा बघायला देशोदेशीचे लोक जळगाव स्टेशनवर उतरतात, आणि परतताना फर्दापूरच्या फाट्यावरून दगडाचे मणी घेऊन जातात. खान्देशातल्या हाताची एक वस्तू त्यांच्या पिशवीत पडेल अशी सोय आपण स्टेशनवर केलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे साहित्य संमेलन भरवले तेव्हा तालुक्याच्या गावाने सगळ्या महाराष्ट्राची सरबराई केली. जत्रा भरवायचे बळ नाही, असे कोणी म्हणू नये.

निवड कडक हवी. ज्याचे काम कच्चे आहे त्याला पुढच्या वर्षी या म्हणून सांगायची हिंमत हवी, भले तो कोणा पुढाऱ्याचा माणूस का असेना. निवड समितीत एक जुना कारागीर, एक शिकलेला डिझायनर आणि एक जाणते गिऱ्हाईक असावे. ते खापर वाजवणारी बाई समितीत असलेली मला फार आवडेल. स्टॉलचे भाडे पहिली काही वर्षे घेऊ नये. तो खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीत सहज बसण्याजोगा आहे.

वेळ माघाची धरावी. कापसाचे पैसे हातात आलेले असतात, लग्नाचे मुहूर्त निघालेले असतात, ऊन तापलेले नसते. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. माघात सातपुड्यातली कितीतरी घरे ऊसतोडीला गेलेली असतात, होळीलाच परततात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जावेच लागते. बांबूचे उत्तम काम करणारा माणूस माघात गुजरातेतल्या फडात कोयता चालवत असेल, तर जत्रेत त्याचा स्टॉल कोण मांडणार?

यावर एक उपाय आपल्या हातात आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळून वर्षाला किती सत्कार, उद्घाटने, बक्षीस समारंभ होतात! जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका, विद्यापीठ, महाविद्यालये, पतपेढ्या, साखर कारखाने, सगळीकडे पाहुण्याच्या हातात ॲक्रिलिकचे सारख्याच छापाचे स्मृतिचिन्ह ठेवतात आणि ते पाहुण्याच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खाते. या संस्थांनी आपल्या वर्षभराच्या भेटवस्तूंची मागणी या कारागिरांकडे नोंदवावी, घडणावळीसकट दर ठरवावा, आणि अर्धे पैसे आषाढात आगाऊ द्यावेत. त्यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको. खरेदीच्या फायलीवरची एक सही पुरे. आषाढात हातात आलेल्या त्या पैशांवर काही घरांना यंदा मुकादमाच्या दारात जावे लागणार नाही, आणि माघात ती माणसे आपापल्या स्टॉलवर उभी असतील.